सातवी रेघ

मुलांनो, एक भिंत डोळ्यांसमोर आणा. पंधरा हात लांब, दोन पुरुष उंच, चुन्यासारखी पांढरी. तुम्ही तिच्यापासून दहा पावलांवर उभे आहात. भिंतीवर एक ओळ लिहिली आहे आणि ती ओळ तुमच्याकडे बघते आहे. तुम्ही श्वास आत ओढलात की अक्षरं किंचित आक्रसतात, सोडलात की सैलावतात. तुमचा काटकुळा मित्र पुढे आला की तीच ओळ बारीक होते, आणि तुमच्या अंगापिंडानं भरलेल्या मावशी आल्या की ती ऐसपैस पसरते. आलं डोळ्यांसमोर? आता त्या भिंतीच्या पायरीवर थोडं रक्त सांडलेलं आणा. फार नाही, ओंजळभरसुद्धा नाही.

ही गोष्ट त्या रक्ताची आहे. अजून काही वर्षांनी घडेल अशी आहे, पण मी ती घडून गेल्यासारखी सांगतो, म्हणजे नीट सांगता येते. मध्येच नकोशी वाटली तर थांबा, पाणी प्या, मग पुढे या.

पंचगंगेच्या काठी हणमापूर नावाचं गाव होतं. तिथे मुलींची तालीम होती. लाल मातीचा आखाडा, वर पत्रा, बाहेर एक नळ आणि रस्त्याच्या बाजूला ही लांबलचक भिंत. तालीम चालवायचे खराडे वस्ताद. वय पन्नाशीचं, खांदे अजून बैलासारखे, पण डावा पाय ओढत चालायचे. एकोणीस वर्षांचे असताना एका मैदानात त्यांची कुस्ती त्यांच्याहून बारा किलो जड पहिलवानाशी लावली होती. गुडघा निखळला तो कायमचा. तेव्हापासून वस्तादांच्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली होती, ती म्हणजे वजन. आपली पोर चुकीच्या गटात गेली तर तिचं हाड मोडणार, या धास्तीनं ते पोरींना पाव किलोसाठी पळवायचे. मनानं ते दुष्ट नव्हते, पण भीती फार दिवस मनात ठेवली की तिचा मार होतो आणि तो मार दुसऱ्याच्या पाठीवर पडतो. हे मी पुढे दाखवणारच आहे.

तालमीत सगुणा पाटोळे नावाची बारा वर्षांची मुलगी होती. अंगानं थोराड, मांड्या जड, दंड भरलेले. पोरी तिला पोतं म्हणायच्या. तिची सरावाची जोडीदार आफरीन मुजावर, तेरा वर्षांची, रुंद खांद्यांची आणि विजेसारखी चपळ. तिला कपाट म्हणायचे. बारीक होत्या त्या पोरींना चिपाड म्हणत. म्हणजे नाव ठेवण्यातून कुणीच सुटलेलं नव्हतं.

सगुणाची आत्या स्वप्नाली अक्षरं रंगवायची. घराण्यातच ते काम होतं. आजोबांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आत्यानं ब्रशसोबत नवी शाई हाताशी घेतली. ही शाई कशी होती ते सांगतो.

रंगाच्या एका थेंबात हजारो बारीक फुगे असतात, केसाच्या जाडीपेक्षाही लहान. प्रत्येक फुग्यात काळे कण आणि पांढरे कण तरंगत असतात. विजेचा हलकासा धक्का दिला की काळे वर येतात, उलटा दिला की पांढरे. अशा फुग्यांचा थर भिंतीला दिला की भिंत स्वतःच चित्र काढते आणि पुसते. वीज लागते ती फक्त बदलताना, ती उन्हातूनच मिळते. आता भिंतीला दिसतं कसं? वटवाघूळ कसं बघतं, आठवा. ते आवाज सोडतं आणि परतलेल्या आवाजावरून समोर काय आहे ते ओळखतं. भिंतीच्या चार कोपऱ्यांतून तशाच लहरी सुटायच्या, पण आवाजाच्या नाही, रेडिओच्या. त्या कपड्यांतून आरपार जायच्या आणि अंगावर आपटून परत यायच्या. निमिषात भिंतीला माणसाचा आकार कळायचा. फक्त आकार, हे नीट लक्षात ठेवा.

असल्या भिंती शहरांत आधीपासून होत्या. वजन उतरवायची औषधं विकणाऱ्यांनी त्या लावल्या होत्या. जाड माणूस समोर आला की जाहिरातीतली अक्षरं सुजायची, लोंबायची आणि शेवटी फुटायची. माणसं मान खाली घालून पळायची आणि मागून पोरं दगड मारायची. आत्यानं ते पाहिलं होतं. तिनं ठरवलं की याच शाईत, याच लहरींनी, उलटं काहीतरी करून दाखवायचं.

तिनं सगुणाला पाटीवर एक अ काढून दाखवला. मग तो जाड केला. अक्षर गुदमरल्यासारखं दिसायला लागलं. मग तिनं आतली पांढरी जागा, अक्षराचं पोट, तेवढीच मोठी केली. तोच जाड अ एकदम डौलदार दिसू लागला.

“बघितलंस?” आत्या म्हणाली. “जाड झालं म्हणून अक्षर वाईट दिसत न्हाई. लिहिणाऱ्यानं जागा दिली न्हाई म्हणून दिसतंय.”

त्या औषधवाल्यांनी अक्षर फुगवलं, पण त्याचं पोट तेवढंच ठेवलं, म्हणून ते भेसूर दिसायचं. आत्यानं तालमीच्या भिंतीसाठी अशी ओळ रचली की समोर कुणीही येवो, अक्षर त्या माणसाएवढं रुंद व्हावं आणि तरी देखणं राहावं. प्रत्येक अक्षराचा सांगाडा तिनं हातानं काढला, त्यावर मांस किती चढवायचं आणि आत जागा किती सोडायची याचे नियम भिंतीला शिकवले. चार महिने लागले. ओळ होती, जशी आहेस तशी उभी राहा.

पहिल्या दिवशी पोरींनी रांग लावली. सगुणा समोर गेली तेव्हा ओळ भिंतीभर शांत पसरली, भरलेल्या नदीसारखी. पोतं म्हणणारी एकजण म्हणाली, आयला, भारी दिसतंय की. मग सगुणा आणि आफरीननं मिठी मारून पाहिलं. दोन अंगं चिकटली की लहरींना वेगळी ओळखू यायची नाहीत. भिंतीनं दोघींची मिळून एकच ओळ लिहिली, इतकी रुंद की शेवटचं अक्षर कोपऱ्यावरून बाहेर गेलं. हसून हसून पोरींच्या पोटात दुखायला लागलं. आठवडाभर तालमीत कुणी कुणाला पोतं, कपाट, चिपाड म्हटलं नाही.

चूक झाली ती इथेच झाली.

पाटी रंगवणारा माणूस निळीत बुडवलेला दोरा भिंतीवर ताणतो आणि टिचकी मारतो. सरळ निळी रेघ उमटते. अक्षरं कुठवर न्यायची याच्या त्या खुणा असतात. आत्यानं अशा नऊ उभ्या रेघा मारल्या होत्या आणि खाली खडूनं एक ते नऊ आकडे घातले होते. पाटोळ्यांच्या घरात रीत अशी होती की काम संपलं तरी या खुणा रंगवणाऱ्यानं पुसायच्या नाहीत. तो मान मालकाचा. मालक नारळ फोडतो, त्याच पाण्यात फडकं बुडवून खुणा पुसतो, मग पाटी त्याची होते. आत्यानं वस्तादांना तसं सांगितलं, भिंत चालू-बंद करायची किल्ली त्यांच्या हाती दिली आणि दुसऱ्या गावच्या कामाला गेली. वस्तादांनी नारळ फोडलाच नाही.

त्यांनी रेघा पाहिल्या. आकडे पाहिले. त्यांना वाटलं, ही यंत्राची मोजपट्टी आहे. त्यांनी चार पोरी उभ्या केल्या. पन्नास किलोच्या आतल्या तिघींची ओळ सातव्या रेघेच्या अलीकडे थांबली, चौथी जड होती तिची पलीकडे गेली. झालं. सातवी रेघ म्हणजे पन्नास किलो, हे ठरलं. तालमीतला काटा जुना होता, कधी दोन किलो कमी दाखवायचा, कधी जास्त. पोरी दाराला धरून त्याला फसवायच्याही. भिंतीला कोण फसवणार?

मुलांनो, तुम्ही सांगा, घागर किती रुंद आहे हे बघून आत पाणी किती आहे ते कळेल का? भिंतीला रुंदी कळत होती, वजन नाही. आफरीनचे खांदे हाडानंच रुंद होते. ती महिनाभर उपाशी राहिली असती तरी तिचं हाड अरुंद झालं नसतं. पण हे सांगायला तिथे कुणी नव्हतं.

जत्रेचं मैदान नऊ दिवसांवर आलं होतं. पन्नास किलो गटात पहिली येईल तिला शहरातल्या क्रीडाशाळेत प्रवेश मिळणार होता आणि आफरीनला तो हवाच होता. वस्तादांनी त्या गटातल्या पोरींना नियम केला. रोज सकाळी भिंतीसमोर उभं राहायचं. ओळ सातव्या रेघेबाहेर बोटभर गेली की चामड्याच्या पट्ट्याचा एक फटका. आणि फटका मारायचा तो जोडीदारानं.

पहिल्या दिवशी आफरीनची ओळ दोन बोटं बाहेर गेली. सगुणानं पट्टा हातात घेतला नाही. तेव्हा वस्तादांनी तो स्वतः घेतला आणि आफरीनला असा मारला की ती गुडघ्यांवर आली. मग पट्टा परत सगुणापुढे धरला. उरलेला एक तू मारतेस, का मीच मारू, असं त्यांनी विचारलं. सगुणानं मारला. हळू मारला. हळू मारला म्हणून वस्तादांनी तो मोजला नाही. तिनं दुसरा मारला, तो जोरात.

दुपारी नळावर आफरीन पाठ ओली करत होती. सगुणा ओंजळीनं तिच्या पाठीवर पाणी सोडायला लागली. आफरीनच म्हणाली की वस्तादांपेक्षा तुझा परवडला. आणि हसली. ते हसणं सगुणाला पट्ट्यापेक्षा जास्त लागलं.

पाच दिवसांत सगुणानं आफरीनला सात फटके मारले. सातव्याला कातडी फुटली, तेव्हा वस्तादांनी तिचं पुढचं माप मैदानाच्या सकाळवर ढकललं. पोरी बघत होत्या. बाहेर गावातली पोरंही बघत होती, कारण भिंत रस्त्यावरच होती. आता कुणीही बाई भिंतीपुढून गेली की पोरं रेघ मोजून ओरडायची, आठ, साडेआठ. एका नवऱ्या मुलाची माणसं मुलीला चहाच्या आधी भिंतीसमोर उभी करून गेली. शेजारच्या दोन गावांनी तशीच ओळ मागवली आणि रेघांसकट मागवली. जाड पोराला कुणी दगड मारला, की मारणारा भिंतीकडे बोट दाखवायचा. आपल्याला जशी आहेस तशी उभी राहा म्हणणारी ती ओळ कुणी वाचतच नव्हतं. सगळे रेघा वाचत होते.

सहाव्या दिवशी आत्या परत आली. रस्त्यातच तिला सगळं कळलं होतं. बादली आणि फडकं घेऊन ती थेट भिंतीशी गेली आणि सातव्या रेघेला हात लावणार तोच वस्तादांनी तिचं मनगट धरलं. ते शांतपणे म्हणाले, “खुणा पुसायचा मान मालकाचा, हे तूच सांगितलं होतंस, पोरी.”

आत्यानं त्यांना समजावलं. रेघा वजनाच्या नाहीत, नुसत्या दोऱ्याच्या आहेत, आकडे खडूचे आहेत, मी मारलेत. वस्तादांना ते पटलं नाही. खरं तर पटवून घ्यायचं नव्हतं. इतके फटके चुकीच्या रेघेसाठी मारले हे कबूल करणं त्यांना जड गेलं असतं. आत्यानं हात हिसकला आणि बादलीतलं पाणी भिंतीवर भिरकावलं. वस्तादांनी बादलीला धक्का दिल्यामुळे ते रेघांपर्यंत पोचलं नाही. वस्तादांच्या हाताखालच्या दोन दांडग्या पहिलवानांनी तिला धरून आत नेलं. सगुणा दाराआडून बघत होती. त्यांनी आत्याचा उजवा हात उंबरठ्याशी चौकटीवर दाबला आणि दार ओढून घेतलं. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. तीन बोटं मोडली.

गावात सांगितलं गेलं की बाई घसरून पडल्या. सगुणाच्या बापानं, म्हणजे आत्याच्या सख्ख्या भावानं, मैदान होईपर्यंत गप्प राहू असं ठरवलं. आत्या प्लॅस्टर घालून घरी पडून होती. सगुणा तिच्याजवळ बसली तेव्हा आत्यानं तिला एकच विचारलं, “तू किती मारलेस?”

सात, सगुणा म्हणाली. आत्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मैदानाच्या सकाळी तालमीबाहेर दोनेकशे माणसं जमली होती. हलगी वाजत होती. वस्तादांनी गुलाबी फेटा बांधला होता. पोरी एकेक करून भिंतीसमोर गेल्या. आफरीन शेवटी आली. दोन दिवस तिनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. तोंडातली थुंकीसुद्धा ती डब्यात टाकत होती, तेवढंच वजन कमी व्हावं म्हणून. ओठ फाटले होते, डोळे आत गेले होते, आणि तिची ओळ तरीही सातव्या रेघेच्या बोटभर बाहेरच होती. हाड होतं ते. हाड कुठे जाणार?

वस्तादांनी पट्टा सगुणाकडे धरला. “मार.”

सगुणानं पट्टा घेतला आणि ती तशीच उभी राहिली. आफरीननं मान मागे वळवली आणि पुटपुटली, “मार गं. उरक.” एवढं बोलून तिचे डोळे फिरले. ती ताठच्या ताठ खाली आली आणि तिचं डोकं दगडी पायरीवर आपटलं. रक्त आलं. हेच ते रक्त, जे मी तुम्हाला सुरुवातीला दाखवलं होतं.

हलगी थांबली. गर्दीतली एक म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे धावली. वस्तादांनी तिच्या हातावर फटका मारला. तांब्या घरंगळत नळापर्यंत गेला. पाणी पाजू नका, ते म्हणाले, वजन वाढेल.

सगुणानं विचार केला नाही. ती वाकली, दोन्ही हातांनी वस्तादांचे दोन्ही पाय गुडघ्यांमागून कवटाळले आणि खांदा त्यांच्या पोटात घातला. याला दुहेरी पट म्हणतात. वस्तादांनीच तिला शिकवला होता. नव्वद किलोचा माणूस पाठीवर आदळला. डावा गुडघा तिच्या अंगाखाली वाकडा झाला आणि त्यातून तोच आवाज आला, वाळकी फांदी मोडल्याचा. ती त्यांच्या छातीवर बसली आणि पट्टा चालवला. तोंडावर एक. परत एक. फेटा सुटला. नाकातून रक्त आलं. तिसरा फटका कानावर बसला.

तिला कुणी थांबवलं नाही. मैदानाला निघालेली माणसं होती ती, त्यांना सवयीनं कुस्तीच दिसली. कडं झालं. कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी शाब्बास म्हटलं. परत हलगी सुरू झाली. मागच्या जत्रेत जिंकल्यावर सगुणानं जे शाब्बास ऐकलं होतं, तेच हे शाब्बास होतं, त्याच आवाजातलं. चौथ्या फटक्यासाठी तिनं हात वर नेला आणि तिची नजर समोर गेली.

भिंतीवर एकच ओळ होती. प्रचंड, काळी, कोपऱ्यावरून बाहेर गेलेली. लहरींना दोन माणसं वेगळी दिसली नव्हती. सगुणा कुठे संपते आणि वस्ताद कुठे सुरू होतात हे त्या अक्षरांत कुठेच नव्हतं. तिचा हात वर गेला तशी अक्षरंही किंचित वर उचलली गेली.

ती उठली. एक पाऊल मागे सरली. ओळ दुभंगली आणि आक्रसत आक्रसत तिची एकटीची झाली.

तिनं केलं ते बरोबर होतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. वस्ताद पुढे कधीच काठीशिवाय चालले नाहीत आणि सगुणाला तो आवाज म्हातारपणापर्यंत ऐकू येत राहिला. दवाखान्यात चार दिवस पोटभर खाऊपिऊ घातल्यावर आफरीनचं वजन झालं तेव्हाही ते सेहेचाळीस किलोच भरलं. म्हणजे पहिल्या दिवशी, पहिल्या फटक्याच्या आधीही, ती पन्नासच्या आतच होती. पण हे सगळं मागाहून कळलं. त्या घडीला बारा वर्षांच्या त्या पोरीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या हातात फक्त पट्टा होता आणि दोनशे माणसं पुढे काय म्हणून बघत होती.

ती नळाशी गेली. घरंगळलेला तांब्या उचलून भरला. आफरीनचं डोकं मांडीवर घेतलं, जखमेवर आपली ओढणी दाबली आणि थेंब थेंब करत तिच्या ओठांत पाणी सोडलं. घशाची हालचाल झाली. डोळे उघडले. आफरीन भिंतीला टेकून बसू शकली तेव्हा सगुणानं उरलेलं पाणी ओढणीच्या कोरड्या टोकावर घेतलं आणि सातवी रेघ पुसली. मग सहावी, मग आठवी. मालक पायरीखाली कण्हत पडला होता. नारळ कुणी फोडला नव्हता. नऊच्या नऊ रेघा गेल्या, आकडे गेले, भिंतीवर नुसता निळसर ओघळ राहिला.

आणि मग तिनं पट्टा आफरीनच्या हातात दिला.

“सात आहेत तुझे माझ्याकडं,” ती म्हणाली.

एवढं बोलून सगुणा वळली, आफरीनकडे पाठ केली, आणि भिंतीसमोर जशी होती तशी उभी राहिली.